पानोपानी पदर

सरिताची कथा दिवाळी अंकातून बाद झाली. ते सोडा. तसं काही झालंच नाही, असं धरून चालू, कारण ही गोष्ट त्याच्या आधीची आहे.

गारखेड्यात संपादक तात्यासाहेबांच्या ऑफिसात सरिता बसली होती. तिची आयुष्यातली पहिली कथा त्यांच्या टेबलावर होती आणि शेजारच्या खुर्चीत तिची आई, भामाबाई. कथा आईवरच होती. "माझ्याबद्दल बोलणार, अन् मीच नगं व्हय तिथं?" म्हणत त्या सरिताच्या आधी रिक्षात चढून बसल्या होत्या.

"कथा चांगली आहे," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण ही बाई पानोपानी पदर खोचते. वाचक कंटाळतो. जरा बदल करा. इथे तिला ओठ चावू द्या. तिथे खिडकीबाहेर बघू द्या."

"आई असलं काही करत नाही, सर."

"कल्पनाशक्ती वापरा." त्यांनी चष्मा वर सरकवला.

सरितानं पहिल्या पानावरचा पदर खोडला आणि वर लिहिलं, ‘ओठ चावला’.

आपल्यापायी पोरीची कथा अडायला नको, असं भामाबाईंना वाटलं. त्यांनी ओठ चावून बघितला. लागला. मग त्या उठल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"काय दिसतंय, मावशी?" तात्यासाहेबांनी कौतुकानं विचारलं.

"ती लाल स्कूटर कोणाची हाय? टोइंगवाले उचलायलेत."

तात्यासाहेब जिना उतरून पळाले. धापा टाकत परत आले, ते स्कूटरची किल्ली तेवढी घेऊन. खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मी हेच म्हणतोय. खिडकीबाहेर बघितलं की कथा कशी पुढे सरकते, बघा."

भामाबाईंनी पदर खोचला.

"झालं! पुन्हा तेच!"

"तेच तर!" भामाबाई म्हणाल्या. "नळावर भांडले तवा असाच खोचला, साहेब. रेशनच्या दुकानात असाच. हिला शाळेत घेईनात, तवा हेडमास्तरापुढं असाच. माणसं लई बदलली, पण म्हणणं एकच, नियमात बसत नाय. त्यांना कोणी म्हणलं नाय, जरा येगळं बोला. मग मीच का येगळा खोचू?"

तात्यासाहेबांनी चष्मा वर सरकवला.

"अन् तुमचा चष्मा मघापासून चाललाय वर-खाली. आम्ही काही म्हणलं का?"

सरितानं ‘ओठ चावला’ खोडलं. पदर जिथल्या तिथं परत लिहिला, जरा ठळकच.

"आता मागं अर्ज लिही," भामाबाई म्हणाल्या. तोंडी भांडण झालं की लगेच लेखी अर्ज, हा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. "अन् पोच घेतल्याबिगर उठायचं नाय."

सरितानं शेवटच्या पानाच्या पाठीवर लिहिलं आणि कागद तात्यासाहेबांपुढं सरकवला:

‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या आईस प्रत्येक पानावर, पूर्वसूचनेशिवाय व आजन्म, एकाच पद्धतीने पदर खोचण्यास मंजुरी द्यावी, आणि तशी लेखी मंजुरी मिळेपर्यंत मेहेरबान संपादकांनी आपला चष्मा आहे तिथेच ठेवावा.’