मादाम देलोर्मचा मखमली गाऊन

“दोघी? आत्ता? इथं?” जर्मेनबाईंनी ओडेतचा दंडच धरला.

“एक आत गाऊन चढवतेय, दुसरी जिना चढतेय.” फिटिंग करणाऱ्या ओडेतच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी हसू लपत नव्हतं.

“दात काय काढतेस? सिल्वीबाईंची वेळ उद्याची आहे!”

“ते त्यांनाच सांगा. मी आपली टाचण्या लावणारी.”

पॅरिसमधल्या त्या फॅशनघरात गिऱ्हाइकं सांभाळायची ती जर्मेनबाईंनी. नव्या हंगामाचे कपडे घालून, हातात नंबराचं कार्ड धरून मुली दालनातून चालायच्या, तेव्हा सगळे मुलींकडे बघत. जर्मेनबाई समोरच्या सोनेरी खुर्च्यांकडे बघत. कुणाची नजर कशावर अडकली, कोण कुणाला खेटून बसलं, हे त्यांना तिथंच कळायचं. मग तोच कपडा त्या बाईच्या मापानं नव्यानं शिवला जायचा.

काचकारखानदार मस्यू देलोर्म पहिल्यांदा आले, ते एका गोलमटोल, साठीला टेकलेल्या बाईंना घेऊन. बाईंच्या अंगात साधा तपकिरी कोट. मस्यूंनी त्यांची पर्स मांडीवर घेतली आणि निम्मे कपडे दाखवून होईतो खुर्चीतच पेंगायला लागले.

“मादाम देलोर्म, तो निळा तुम्हाला खुलेल,” जर्मेनबाई म्हणाल्या.

बाई लाजून लाल झाल्या. “खुलेल म्हणता?”

तेव्हापासून त्या दर हंगामात येत. येताना शिवणाऱ्या मुलींसाठी स्वतः केलेल्या बदामाच्या वड्या आणत. एकदा जर्मेनबाईंनी विचारलं, “हा कुठं घालणार?”

“घरीच. जेवायला बसताना.”

“एवढा गाऊन, आणि घरी?”

“त्यांना आवडतं हो,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की जर्मेनबाईंना क्षणभर हेवा वाटला.

पुढच्या वर्षी मस्यूंनी दुसरीच आणली. तिशीची, सडपातळ, खांद्यावर फर. या वेळी ते ताठ बसले होते, टक्क जागे. जर्मेनबाईंनी नाव विचारलं. तरुणी तोंड उघडणार, तेवढ्यात मस्यूच घाईनं म्हणाले, “सिल्वी. मादाम सिल्वी म्हणा, पुरे.”

तरुणीनं भुवई उंचावली आणि खळखळून हसली. जर्मेनबाईंनी समजायचं ते समजून घेतलं.

त्या दिवसापासून एकीला मंगळवार, दुसरीला बुधवार. एकीच्या अंगावरचा रंग दुसरीला दाखवायचासुद्धा नाही. आजवर दोघींची सावली एकमेकींवर पडली नव्हती, आणि जर्मेनबाईंना त्याचा मोठा अभिमान होता.

आणि आज मंगळवारी सिल्वी दारात उभी होती.

“मादाम सिल्वी, आपलं फिटिंग उद्या...”

“माहीत आहे. आज मला आत कोण आहे त्यांना भेटायचंय.”

जर्मेनबाई फिटिंगच्या खोलीच्या पडद्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण हे होऊ द्यायचं नाही. “ऐका माझं. फार साध्या बाई आहेत त्या. या वयात त्यांचं सुख कशाला मोडता? तुमच्याकडे काय कमी आहे?”

सिल्वीनं सावकाश हातमोजे काढले. “सुखी आहेत त्या?”

“त्यांच्याइतकी सुखी बाई माझ्या खुर्च्यांवर दुसरी बसलेली नाही.”

“मग बरं झालं.”

तेवढ्यात पडदा सरला. बाई द्राक्षी रंगाच्या मखमलीत, लाजत, खुशीत बाहेर आल्या. समोर सिल्वी दिसली आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“मी... मी बदलून येते.”

“नको ना.” सिल्वी त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली. “काय सुरेख दिसताय! घरी कौतुक करतात की नाही ते?”

“करतात,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“आणि मग घोरतात?”

बाईंना नाही म्हटलं तरी हसू फुटलं. “जेवण झालं, की लगेच.”

ओडेतच्या ओठांतली एक टाचणी खाली पडली.

सिल्वीनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. “हा घरी नका घालू. शनिवारी ऑपेराला त्यांच्याबरोबर तुम्ही जा. लग्न झाल्यापासून दर वेळी त्यांची बायको म्हणून मीच जाऊन बसतेय, आणि खरं सांगू, मला तिथं भयंकर झोप येते.”