टाकीचं वजन

तिच्या धाकट्या भावाला आपल्या पिकअपच्या ताकदीचा माज, आणि नवऱ्याला आपल्या पिकअपच्या ॲव्हरेजचा. दोघांचं ऐकून तिचे कान किटले होते.

"भाऊजी, इंजिनात दम पाहिजे," भाऊ म्हणायचा.

"दम काय चाटायचाय? डिझेल किती पिते ते बोला, मेहुणे!" नवरा त्याला उडवून लावायचा.

डिझेल वाचावं म्हणून नवऱ्याने स्टेपनी घरी काढून ठेवली होती, एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, आणि चढ आला की तो तिलाही खाली उतरवून चालायला लावायचा. टाकी तर त्याने कधी भरलीच नाही. भरल्या टाकीचं वजन गाडीने उगाच का वाहायचं?

त्या दिवशी मागे कुंड्या लादलेल्या होत्या. ऐन चढावर, ती शेजारून चालत असताना, गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. डिझेल संपलं होतं. तिने भावाला फोन लावला. तो आला, दोर बांधला, बहिणीला आपल्या शेजारी बसवलं आणि इंजिन असं काही गुरगुरवलं, की सगळा काळा धूर थेट भाऊजींच्या तोंडावर.

माथ्यावर पोचल्यावर, आता तरी याची जिरली असेल, म्हणून तिने मागे वळून पाहिलं.



नवरा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "मेहुणे, अख्खा चढ संपला, माझीला थेंबसुद्धा लागला नाही! तुमची किती प्यायली?"