नववं बोट

"मावशी, तुमची शाळा कोणती?" इतिहासाच्या मुलाखतीसाठी मोबाइल भरल्या वर्गातल्या टेबलावर ठेवून सातवीतल्या ऋणालीने विचारलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुंदरामावशी पदराशी चाळा करत खाली बघू लागल्या.

मागे उभ्या असलेल्या भोसेकर बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं. मावशी हजेरीला अंगठा उठवतात, हे त्यांना ठाऊक होतं. विषय बदलायला त्या तोंड उघडणार, तोच ऋणालीची एकेक मिटत चाललेली बोटं दिसली. 'समोरचं माणूस गप्प झालं, तर मनात दहा मोजा,' हे बाईंनीच तर शिकवलं होतं. त्यांनी शब्द गिळले.

नवव्या बोटाला मावशी हसल्या. "हीच की गं. दुसरीपर्यंत होते. त्या खिडकीपाशी बसायचे."

खिडकीजवळच्या मुलीने दप्तर मांडीवर घेतलं आणि सरकून बाकावर जागा केली.