लाइल प्रुएटचे बूट

“बूट लपवले, तर नुसत्या मोज्यांवर जिन्यापर्यंत गेला,” ऑर्फा हॉस्पिटलातून फोनवर सांगत होती. “दोन नर्सांनी धरून आणला. डॉक्टर म्हणतात, हा गाडीत बसला तर सिनेटच्या पायऱ्यांवरच संपेल. हॉबर्ट, काहीतरी कर रे.”

हॉबर्ट टॅकेटने फोन दुसऱ्या कानाला लावला. “तो म्हणतोय काय?”

“एकच घोकतोय. हेझल बेंडच्या मताला गेलंच पाहिजे. माझ्या घरात राजकारण चालत नाही, तुला ठाऊक आहे. मी विचारत नाही, तो सांगत नाही. मला माझा नवरा हवाय, बस्स.”

“बघतो,” हॉबर्ट म्हणाला.

हॉबर्ट आणि ऑर्फाचा नवरा लाइल प्रुएट, दोघेही वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर. राज्य एक, पक्ष दोन. एकाने हो म्हटलं की दुसऱ्याचं नाही ठरलेलं. इतक्या वर्षांत दोघांचं मत एका बाजूला पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भांडण मात्र सभागृहापुरतं. बाहेर आले की एका बाकावर बसून घेवडा आणि मक्याची भाकर खायचे, आणि एकमेकांच्या पक्षाला मनसोक्त शिव्या घालायचे.

आजचं मत धरणावर होतं. धरण झालं की हेझल बेंडचं अख्खं खोरं पाण्याखाली जाणार. हॉबर्टचं गाव ते. त्याची बहीण डेल्सी अजून तिथेच राहायची. आईबाप टेकडीखालच्या दफनभूमीत होते. आणि धरणासाठी सगळ्यात जास्त घसा कुणी कोरडा केला असेल, तर लाइलने.

यंदाच्या वसंतात तर तो थेट हेझल बेंडला जाऊन राहिला होता. चर्चमध्ये रानलसणाचं गावजेवण असतं, त्यालाही बसला. परतला तेव्हा अंगाला असा वास मारत होता, की सभागृहात शेजारच्यांनी खुर्च्या सरकवल्या.

“तुझा तो प्रुएट तीन ताटं चापून गेला,” डेल्सीने तेव्हा भावाला सुनावलं होतं. “दफनभूमीत टोपी काढून किती वेळ हिंडत होता. बुडवायच्या आधी मापं घेत असेल, दुसरं काय! जाताना वर सफरचंदाचा मुरंबाही मागितला.”

“तू दिलास?”

“दिला की. दारात आलेल्याला रिकामा कसा पाठवू?”

त्यानंतर लाइल जरा गप्प गप्पच असायचा. स्वतःच्या पक्षाचेही फोन घेईना. मग छातीत कळ आली.

“जोडी देतोस? डोकं फिरलंय का तुझं?” हॉबर्टचा बेत ऐकून ग्रेडी ओरडलाच. हॉबर्टच्या पक्षाची मतं जुळवायचं काम त्याचं.

सिनेटची ती जुनी रीत. कुणी आजारी पडला, तर विरुद्ध बाजूचा एखादा सभागृहात हजर असूनही मत द्यायचा नाही. दोघांची मतं एकमेकांत फिटायची. याला जोडी म्हणत. लेखी काही नसायचं, शब्द पुरे.

“लाइल नाही, म्हणजे आपण एका मताने जिंकतोय,” ग्रेडी म्हणाला. “तू गप्प बसलास की बरोबरी. बरोबरी फोडणार उपाध्यक्ष, आणि तो पक्का धरणवाला. अरे, गाव तुझं बुडतंय, माझं नाही!”

“लाइल आला तरी बरोबरीच होणार.”

“मग येऊ दे ना. पोचतो का बघू!”

हॉबर्टने त्याच्याकडे असं पाहिलं, की ग्रेडीने मान खाली घातली.

“माझी बायको इर्मा गेली, तेव्हा रेल्वेच्या मताला माझ्यासाठी कोण गप्प बसलं होतं?” हॉबर्ट म्हणाला. “मी मागितलंही नव्हतं. मला न विचारता त्याने जोडी दिली.”

त्याने ऑर्फाला फोन लावला. “त्याला सांग, तुझ्या मताचं हॉबर्ट बघतोय. निजून राहा म्हणावं.”

ती आत जाऊन आली. आवाज हलका झाला होता. “सांगितलं. हसला. म्हणाला, ‘म्हणजे हॉबर्टला कळलं तर!’ आणि उशीवर डोकं टाकलं. बूट मागायचा थांबलाय.”

मतदानात स्वतःचं नाव पुकारलं गेलं तेव्हा हॉबर्ट उभा राहिला. “माझी लाइल प्रुएटशी जोडी आहे. तो इथे असता तर ‘हो’ म्हणाला असता. मी मोकळा असतो तर ‘नाही’ म्हणालो असतो. मी मत देत नाही.”

बरोबरी झाली. उपाध्यक्षांनी ती फोडली. धरण मंजूर झालं.

डेल्सी फोनवर रडली नाही. “आईबाबांना हलवायला माणसं कधी येतील, तेवढं कळव,” म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी लाइलला भेटायची परवानगी दिली. रेडिओ आणि वर्तमानपत्र अजून बंदच होतं. ऑर्फाने दारातच बजावलं, “मताचं मी काही बोलले नाहीये. त्याला त्रास होईल असं बोलू नकोस.”

लाइल उशांना टेकून बसला होता. वाळला होता, पण चेहरा खुलला. शेजारी मुरंब्याची बरणी होती, चाटूनपुसून रिकामी.

“ये, म्हाताऱ्या. डेल्सीला सांग, आणखी एक बरणी पाठव. पुढच्या वसंतात मी जेवायला येतोय तिच्याकडे.”

हॉबर्ट खुर्चीत बसलाच नाही. “लाज नाही वाटत तुला?”

“कसली लाज? घासाघासाला तुझी बहीण मला टोचत होती. तुझ्या आईच्या थडग्यापाशी उभा राहिलो, तेव्हा पाय उचलेनात.” लाइलने हळूच दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “आमच्यातल्या कुणाला सांगितलं नाही. आधीच कळलं असतं तर फाडून खाल्लं असतं मला. म्हणून तर धावत यायचं होतं. पण तुला कळलं, बरं झालं. आता सांग, माझ्या ‘नाही’साठी धरणवाल्यांपैकी कुणाला गप्प बसवलंस?”