एक मैल, मध्ये बिगूल

"घड्याळ एकदा सुरू झालं की थांबणार नाही," सार्जंट प्रुइट म्हणाले. "बुटाची लेस सुटू दे, उलटी होऊ दे, नाहीतर आभाळ कोसळू दे. कळलं, हॅस्कल?"

"हो, सार्जंट."

टेगन हॅस्कल रेषेवर येऊन उभी राहिली. ट्रॅकच्या चार फेऱ्या म्हणजे एक मैल, आणि तो सात मिनिटांच्या आत. गेल्या वर्षी लष्करी अकादमीनं तिला नाही म्हटलं ते या मैलापायीच, असं तिचं ठाम मत होतं. आता ती या कॉलेजात होती, तीही फौजेच्याच शिष्यवृत्तीवर. चार वर्षं नीट काढली की लेफ्टनंटची पट्टी इथेही खांद्यावर लागणारच होती. तरी बाईंनी अकादमीला पुन्हा अर्ज ठोकला होता. तिकडे घेतलं तर सगळं परत पहिल्या वर्षापासून. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

"काहींना पानात वाढलेलं दिसतच नाही," झेंड्याच्या खांबाखालून एमेट कोल मोठ्यानं म्हणाला. "लोकांच्याच ताटावर डोळा."

एमेट कॉलेजच्या लष्करी तुकडीत तिच्याबरोबरच, तुकडीचा बिगूलवाला. अर्जाची बातमी फुटल्यापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. त्याआधी रोज न्याहारीला तिच्या ताटातला बेकन पळवायचा तो हाच, ही गोष्ट वेगळी.

"तोंड आवर, कोल," प्रुइट म्हणाले. पण खूश तेही नव्हते. सहा महिने या पोरीला त्यांनीच घासूनपुसून तयार केलं होतं. "हॅस्कल, शेवटचं विचारतो. तिकडे काय सोनं लागलंय?"

"सोनं नाही, सार्जंट. त्यांनी नाही म्हटलंय ना, ते खुपतंय मला. झोपताना खुपतं, उठताना खुपतं."

प्रुइटांनी घड्याळाचं बटण दाबलं. "पळ!"

ती पळाली. पहिली फेरी छान गेली, दुसरी त्याहून छान. गारठ्यात तोंडातून वाफा निघत होत्या. कुंपणापाशी उभी असलेली तुकडी हाताची घडी घालून बघत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. सोडून जाणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतं?

तिसऱ्या फेरीत ती ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पोचली आणि बिगूल वाजला.

खरं तर तोवर अकादमीच्या अर्जासाठीची ही शारीरिक परीक्षा कधीच आटोपायला हवी होती. पण मैलाच्या आधी गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकायचा एक प्रकार असतो त्यात, आणि चेंडूत हवाच नव्हती. पंप शोधता शोधता उशीर झाला. रोजच्या वेळेला झेंडा चढायचा तो चढणारच, आणि तोही नेमका धावण्याच्या मध्येच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. प्रुइटांच्याही नाही.

टेगन जागच्या जागी थांबली.

आता बोला! तिनं काही ठरवलं नव्हतं. पायांनीच ठरवलं. बिगूल ऐकला की असाल तिथे थांबायचं, झेंड्याकडे तोंड करायचं, सलाम ठोकायचा. हातात कॉफी असेल तर ती खाली सांडली तरी चालेल. पहिल्याच आठवड्यात हे प्रुइटांनी सगळ्यांच्या हाडात मुरवलं होतं. ती ताठ उभी राहिली, हात कपाळाशी, छाती धापांनी वरखाली होतेय. एव्हाना तुकडीही ताठ झाली होती. प्रुइटसुद्धा सलामात उभे होते आणि त्यांच्या डाव्या हातात घड्याळ चालू होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

झेंडा चढतानाची ही धून चांगली लांबलचक. एमेट ती रोज चवीनं वाजवायचा, कसली म्हणून घाई नाही. आजही तशीच सुरू केली त्यानं. मग बिगुलावरून त्याची नजर पलीकडे गेली. ट्रॅकवर एकटीच उभी असलेली टेगन त्याला दिसली.

पुढच्याच क्षणी धून उधळली. सूर एकमेकांच्या अंगावर पडत पळायला लागले. झेंड्याच्या दोरीवरची दोन पोरं आधी गोंधळली, मग विहिरीतून बादली ओढावी तशी सपासप दोरी ओढत सुटली. झेंडा वर जाऊन थाडकन थांबला. शेवटचा सूर एमेटनं वाजवला की गिळला, देव जाणे.

टेगनचा हात खाली आला आणि ती सुटली.

शेवटची फेरी ती रडत पळाली, चक्क मोठ्यानं रडत. आणि कुंपणापाशी काय झालं कोण जाणे, कुणीतरी "पळ, हॅस्कल!" म्हणून ओरडलं, मग सगळेच ओरडायला लागले. रेषा ओलांडून ती गवतावर पालथी पडली.

प्रुइटांनी घड्याळ बघितलं. डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितलं.

"सहा मिनिटं अठ्ठावन्न," ते म्हणाले. "ऊठ आता. गवत ओलं आहे."

ती उठली नाही. तोंड गवतात तसंच ठेवून हसत राहिली.

"कोल! इकडे ये!"

एमेट पळत आला, बिगूल काखेत.

"वीस वर्षं ही धून ऐकतोय मी," प्रुइट गरजले. "वरातीतलं घोडं उधळल्यासारखी कुणी वाजवलेली आजवर ऐकली नव्हती. झेंडा चढत होता तिथे! कसली एवढी घाई होती तुला?"

एमेट ताठ उभा राहिला. नजर समोर.

"मला नव्हती, सार्जंट," तो म्हणाला. "तिला होती."