सत्तावीस दिवसांची राणी

बटाटे सोलत बसलेल्या पदच्युत राणीसमोर नव्या सरकारच्या वकिलानं कागद सरकवला. परक्या देशातल्या भाड्याच्या खोलीत तिला दोन वर्षं झाली होती.

"बाईसाहेब, तुमचं सत्तावीस दिवसांचं राज्य बेकायदा होतं, एवढं लिहून द्या. परवा मायदेशी, आईच्या उशाशी असाल. म्हातारीचे शेवटचे दिवस आहेत."

तिनं हात पुसून पेन उचललं. आईसाठी ती राज्यावर थुंकायलाही तयार होती. पण टोक कागदाला टेकलं आणि ती थांबली.

"त्या राज्यात मी अकरा खाणकामगारांची फाशी रद्द केली होती. त्यांचं काय?"

वकील खिडकीबाहेर बघू लागला. "राज्य बेकायदा, तर तो हुकूमही बेकायदाच."

"म्हणजे गळे त्यांचे आवळणार तुम्ही, आणि सही माझी."

"आई वाट बघतेय."

"ती फाशी रद्द करायला तिनंच माझं डोकं खाल्लं होतं." सालं कागदात गुंडाळून तिनं त्याच्या हातात दिली. "सरकारला द्या. आईला सांगा, लेक अजून गादीवर आहे."

मोडक्या स्टुलावर ताठ बसून तिनं दुसरा बटाटा घेतला.