तास संपेपर्यंत

"जुलाब होतायत का, गुरुजी?"

"छे! काही त्रास नाही," मोकल गुरुजी म्हणाले आणि पोटात उठलेली कळ त्यांनी दात आवळून सोसली. डॉक्टर वृषाली त्यांची चौथीतली विद्यार्थिनी. तिला हे कसं सांगायचं?

"लपवू नका. कॅन्सरची गाठ लहान व्हावी म्हणून ऑपरेशनआधी आपण इम्युनोथेरपी देतोय. त्याने चवताळलेली, रोगाशी लढणारी शरीराची फौज कधीकधी आपल्याच आतड्यांवर उलटते. वेळेत कळलं तर औषध आहे. लपवलं तर जिवावर बेतेल."

"सांगितलं ना, ठणठणीत आहे!" गुरुजी खेकसले.

पुन्हा कळ आली, आणि तिच्यामागून आठवण. याच पोरीने एकदा वर्गात करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागितली होती. "तास संपेपर्यंत बस," त्यांनी दरडावलं होतं. तास संपला तेव्हा बाक ओला होता. पोरं हसली होती. तेही हसले होते.

गुरुजींना घाम फुटला. मान खाली घालून, शाळेतली पोरं दाखवतात तशी, त्यांनी दोन बोटं वर केली.

वृषालीने उठून दार उघडलं. "आधी जाऊन या, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "तास थांबेल."